चिंचखारच्या दवाखान्याचं भाडं

सरकारी दवाखान्यात एका माणसाचा ताप बघायला सरकारला किती खर्च येतो, हे जाणून घ्यायची इच्छा मला आयुष्यात कधीही झाली नव्हती. आजही नाही. रंगाच्या कारखान्यात कॉस्ट अकाउंटंट म्हणून मी उभा जन्म काढला. एका डब्यामागे किती रंग, किती पत्रा, किती वीज आणि मोठ्या साहेबांच्या गाडीचं किती पेट्रोल जातं हे काढून काढून मी इतका दमलो होतो, की निवृत्तीनंतर नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत कशाचीही किंमत न काढता नुसता बसून राहायचं मी ठरवलं होतं. आमची वसुंधरा या अवस्थेला 'पसरणं' म्हणते. "सकाळपासून पसरलेत," असं ती फोनवर लोकांना सांगते. मी शेजारीच असतो.

असंच तिने एकदा तिच्या भाच्याला, प्रणितला सांगितलं. प्रणित पुण्याच्या एका संस्थेत आहे. त्या संस्थेकडे सरकारी आरोग्यसेवांचा खर्च काढायचं काम आलं होतं. एका बाळंतपणाला सरकारला किती पडतं, एका लसीला किती, एका मलमपट्टीला किती. प्रत्येक तालुक्यात एक माणूस हवा होता आणि पनवेलचा माणूस ऐन वेळी लग्न ठरल्यामुळे पळाला होता. प्रणित मावशीला म्हणाला, "काका तसेही घरीच असतात ना?" मावशी म्हणाली, "असतात म्हणजे काय!" झालं. माझी नेमणूक दोघांनी मिळून केली. मला फक्त तारीख कळवण्यात आली.

पुस्तिका टपालाने आली. तिच्यात लिहिलं होतं की सरकारी इमारत फुकट आहे असं समजू नये. तीच जागा बाजारात भाड्याने घ्यावी लागली असती तर किती पडलं असतं ते काढून खर्चात धरावं. त्यासाठी जागा प्रत्यक्ष मोजावी आणि गावातल्या तीन जाणत्या माणसांना भाड्याचा दर विचारून सरासरी घ्यावी. कागदावर हे अत्यंत निरुपद्रवी दिसतं. मलाही दिसलं.

जागा मोजायची आहे हे खालच्या मजल्यावरच्या घारपुऱ्यांना कसं कळलं ते मला माहीत नाही. घारपुरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत आणि आमच्या बिल्डिंगमधलं कुणीही कुठलंही काम काढलं की ते आधी त्यांना कळतं. ते वर आले तेच हातात चामड्याच्या डबीतली लांबलचक टेप घेऊन. "टिपणीस, सरकारी काम आहे. शिंप्याची टेप घेऊन जाऊ नका. ही न्या. ही दिसली की लोक आपोआप सहकार्य करतात."

लोकांनी सहकार्य केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्या वाट्याला आलं ते चिंचखार, खाडीकाठचं गाव. पनवेलहून मिनीडोअरने जायचं, म्हणजे सहा जणांच्या जागेत अकरा जणांनी एकमेकांच्या मांडीवर श्वास घेत जायचं. गावात आगरी-कोळी वस्ती, वर टेकडीला कातकऱ्यांची वाडी, आणि दोन्हींच्या मध्ये दोन खोल्यांचं आरोग्य उपकेंद्र. तिथे रूपा सिस्टर एकट्याच. मी ओळख करून दिली तेव्हा त्या एका पोराच्या दंडात लस टोचत होत्या. पोर किंचाळत होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "म्हणजे तुम्ही बंद करायला आलात."

मी म्हटलं, "छे, मी फक्त खर्च काढणार."

"तेच ते. महामार्गापलीकडे दुसरं केंद्र आहे. दोघांतलं जे महाग निघेल ते बंद करून दुसऱ्यात घालायचंय त्यांना. वरच्या वाडीवरच्या बायका दिवस भरलेलं पोट घेऊन तो हायवे ओलांडणार आहेत का? घरीच बाळंत होतील, नाहीतर वाटेत." एवढं बोलून त्यांनी दुसरं पोर पुढे ओढलं.

हे मला प्रणितने सांगितलं नव्हतं. नंतर फोन केला तर म्हणाला, "हो काका, तसं काहीतरी आहे. पण आपण न्यूट्रल राहायचं." आता पस्तीसएक वर्षं मी पत्र्याच्या डब्यांच्या बाबतीत न्यूट्रल राहिलो होतो, ते सोपं होतं. डबे आपल्याकडे बघत नाहीत.

पहिले काही दिवस मी कोपऱ्यात खुर्ची टाकून घड्याळ लावून बसलो. कुठल्या कामाला सिस्टरचा किती वेळ जातो ते टिपायचं, तितका पगार त्या कामावर टाकायचा. पद्धत उत्तम आहे, पण ती शोधून काढणाऱ्याला भीमाबाई भेटलेली नसावी. भीमाबाई ही समोरच्या घरातली म्हातारी. रोज ब्लडप्रेशर तपासायला यायची. तपासायला दोन मिनिटं लागत, आणि मग सुनेने काल कोलंबीच्या कालवणात काय काय कमी घातलं ते सांगायला उरलेली सकाळ. ही सकाळ कुठल्या रकान्यात टाकायची? 'आरोग्य शिक्षण' असा एक रकाना होता. मी त्यात टाकली. त्या अहवालानुसार चिंचखार हे आरोग्य शिक्षणात जिल्ह्यात अग्रेसर आहे.

मग मोजणीचा दिवस आला. मी घारपुऱ्यांची टेप काढली आणि पारावर बसलेल्या एका माणसाला दुसरं टोक धरायला सांगितलं. त्याने आनंदाने धरलं. त्याचं नाव तुळशीराम. आम्ही दोन खोल्या मोजल्या, ओटा मोजला, मागचं अंगण मोजलं.

"सायेब, मोजनी कशाची?" त्याने विचारलं.

"दवाखान्याची."

"बरं. आन दर काय लागंल?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो," मी म्हणालो. "इथे जागेला काय दर चाललाय?"

तुळशीरामने टेपचं टोक सोडलं. टेप सर्रकन येऊन माझ्या नडगीवर बसली. मी वाकून नडगी चोळेपर्यंत तो दिसेनासा झाला होता.

ज्यांना त्या वर्षांतला पनवेल तालुका माहीत नाही त्यांना सांगतो. विमानतळ येणार, येणार, म्हणून सगळीकडे बोललं जात होतं. कुठली गावं जाणार, कुठली राहणार, पैसे किती, बदल्यात भूखंड किती, याशिवाय चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. चिंचखार त्यात आहे की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. अशा गावात जाऊन, चामड्याच्या डबीतली टेप काढून, सरकारी जागा मोजून, वर दर विचारणारा माणूस मी होतो.

दुसऱ्या दिवशी मिनीडोअरमधून उतरलो तर दवाखान्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मधोमध पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात साखळी घातलेले काळूरामशेठ. गावात त्यांचा शब्द चालतो. मला थंड पेय देण्यात आलं. मग शेठ उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, पैली गोष्ट, आमचा विमानतलाला विरोध हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"दुसरी गोष्ट, दर काय हाय?"

मी सांगितलं की मी विमानतळाचा नाही, मी एका लसीला किती खर्च येतो ते काढतोय. मी पुस्तिका दाखवली. प्रणितचा फोन लावून देऊ का विचारलं. ते शांतपणे ऐकत होते. एखादा पेशंट भ्रमात बडबडत असताना नातेवाईक ऐकतात तसं.

"मागं एक जन आलता," तुळशीराम म्हणाला. "बोल्ला, मी पक्षी मोजतो. आमी त्याला जितारा मासा खावाला घातला. चार दिवस दुर्बीन लावून बसला. त्याच्या मागून हद्दीचे रंगीत दगर लावाला मानसं आली."

"आन तुमी लसीचा खर्च काडताय," काळूरामशेठ म्हणाले, "तं टेप कशाला? टेपनं ताप मोजतात?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात होतं आणि तोंडी सांगण्यासारखं नव्हतं.

त्या आठवड्यात चिंचखारने जी प्रगती केली ती मी स्वातंत्र्योत्तर काळात कुठल्या गावाने केलेली पाहिली नाही. नुकसानभरपाई मिळताना बांधकामाचे वेगळे, झाडांचे वेगळे पैसे मिळतात अशी तिथे पक्की समजूत. त्यामुळे दवाखान्याच्या मागे विटांच्या खोल्या उगवू लागल्या. त्यांना दारं होती, पण आत जायला जागा नव्हती. एका खोलीला वर पत्रा होता आणि खाली तीनच भिंती. जिथे म्हणून माती दिसेल तिथे नारळाची आणि आंब्याची रोपं. एका सकाळी रूपा सिस्टरांनी ओट्यावरची बादली उचलली तर तिच्यातही आंबा लावलेला. तो भीमाबाईने लावला होता. "त्या बादलीचं बी पैसं येतील सिस्टर," ती म्हणाली, "मी तुला अर्धं देईन."

आणि अशा वातावरणात मला तीन जाणत्या माणसांकडून भाड्याचा दर घ्यायचा होता. घेतला. एक काळूरामशेठ, एक तुळशीराम, एक भीमाबाई. तिघांनी विमानतळाकडून जे हवं होतं ते मला सांगितलं. भीमाबाईने तर आधी मला दाराआड नेलं आणि बाकीच्या दोघांनी किती सांगितलं ते विचारून त्यावर चढवलं. सरासरी निघाली ती अशी, की त्या भाड्यात दवाखाना दक्षिण मुंबईत समुद्रासमोर थाटता आला असता. एका पोलिओच्या डोसाचा खर्च बड्या खाजगी इस्पितळातल्या शस्त्रक्रियेच्या आसपास आला. मी बेरीज तीनदा केली. बेरीज बरोबर होती. आयुष्यभर माझ्या बेरजा बरोबर आल्या आणि त्याचा कधी काही उपयोग झाला नाही.

सिस्टरांनी आकडा पाहिला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथे नऊ वर्षं आहे. पावसात टेकडी चढून वाडीवर जाते. आणि तुम्ही एका टेपने मला बंद केलंत." मला फार वाईट वाटलं. घरी येऊन वसुंधराला सांगितलं तर ती म्हणाली, "मग सांगा ना त्या लोकांना स्पष्ट, की दर जास्त सांगितलात तर दवाखाना जाईल." घारपुरे वर आलेच होते. ते म्हणाले, "तोंडी नको. गावसभा घ्या."

गावसभा घेतली. मी सगळं स्पष्ट सांगितलं. परिणाम एवढाच झाला की दवाखाना जाणार हे माझ्याच तोंडून निघालं म्हटल्यावर त्यांची उरलीसुरली शंकाही फिटली. गाव जाणार म्हणूनच दवाखाना जाणार, नाहीतर सरकार उगाच दवाखाना कशाला बंद करील! ठराव झाला, मोजणी हाणून पाडायची. आणि आपल्याकडे काहीही हाणून पाडायचं म्हणजे आधी टाळं ठोकायचं. दुसऱ्या दिवशी नारळ फोडून, घोषणा देऊन उपकेंद्राच्या दाराला भलंमोठं टाळं लावण्यात आलं. किल्ली काळूरामशेठनी खिशात घातली आणि ते उरणकडे भाचीच्या हळदीला निघून गेले. सिस्टर ओट्यावर बसल्या. मी त्यांच्याशेजारी बसलो.

दुपारी टेकडीवरून एक मोटरसायकल खाली आली. पुढे गाडी चालवणारा त्यांचा कुणी ओळखीचा, मागे देवजी, आणि दोघांच्या मध्ये देवजीची बायको सोमी. वाडीवरचं जोडपं, वीटभट्टीवर कामाला जाणारं. सोमीचे डोळे मिटलेले होते आणि तिने पुढच्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता. सिस्टर ताडकन उठल्या. त्यांनी तिच्या पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, "वेळ नाही. आत घ्या हिला."

आत कसं घेणार? शेठचा फोन लावला. वाजला, उचललाही, पण हळदीच्या बँजोशिवाय पलीकडून काही ऐकू येईना. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. देवजी दार ढकलत होता. तुळशीराम, ज्याने सकाळीच स्वतः टाळ्यासमोर नारळ फोडला होता, तो धावत मागे गेला आणि शेठच्या नव्या खोलीची वीट काढून घेऊन आला. त्याने टाळ्यावर वीट मारली. विटेचा भुगा झाला. दुसरी मारली, तिचाही झाला. ती घरं राहायला बांधलेलीच नव्हती. तेवढ्यात भीमाबाई घरातून आली. हातात तिचा दगडी वरवंटा. "सरका भारवांनो," ती म्हणाली, आणि दोन दणक्यांत टाळं कोयंड्यासकट खाली आलं. हिचं ब्लडप्रेशर मी रोज लिहून घेत होतो. ते माझ्या अहवालातून खोडून टाकावं असं मला वाटलं.

सोमी आत गेली. बायका आत गेल्या. मी हातात घड्याळ घेऊन बाहेर उभा राहिलो, कारण बाळंतपण ही माझ्या यादीतली सर्वांत महत्त्वाची सेवा होती आणि तिला लागणारा वेळ मला अजून मिळाला नव्हता. सिस्टर दारातून ओरडल्या, "टिपणीस, उभे काय राहिलात? नळाला पाणी नाही. आणा!" मी इस्त्रीच्या शर्टात खांद्यावर कळशी घेऊन चिंचखारच्या रस्त्याने धावलो. रंगाच्या कारखान्यात मला चहासुद्धा टेबलावर यायचा. परत आलो तर अर्धी कळशी माझ्या अंगावर, अर्धी कळशीत. "अजून," सिस्टर म्हणाल्या. पुन्हा गेलो. आतून सोमीचा आवाज येत होता. मग तो थांबला. देवजी भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला. मीही त्याच्याजवळ बसलो. मला भीती वाटत होती हे कबूल करायला आता हरकत नाही. मग आतून दुसराच एक आवाज आला, बारीक आणि चिडलेला. भीमाबाई दारात येऊन म्हणाली, "पोरगी हाय. झ्याक हाय." देवजी रडायला लागला. मीही रडलो. घड्याळ बघायचं राहूनच गेलं, त्यामुळे माझ्या अहवालात त्या एका सेवेचा कालावधी कोरा आहे.

संध्याकाळी काळूरामशेठ आले. कुणीतरी शेवटी निरोप पोचवला होता. टाळं फोडलं म्हणून ते प्रचंड संतापलेले होते, पण चेहरा हळदीने पिवळाधमक माखलेला असल्यामुळे संतापाचा नीट अंदाज येत नव्हता. ते तरातरा आत गेले. दारातून मला ते सोमीच्या खाटेपाशी उभे दिसले. बाहेर आले ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"तुमी खरंच लसीचा खर्च काडता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग पयले का नाय सांगितला?"

पाणी वाहून माझा खांदा उतरला होता.

"ही जागा माज्या बापानं दिलीय," शेठ म्हणाले. "तवा कोनी मोजली नवती. त्यानं पायानं रेघ मारली, बोल्ला, हितून हितवर घ्या. माजी आय बालंतपनात गेली व्हती, म्हनून दिली. तुमचा दर खोरा. लिवा, फुकट."

"फुकट लिहिता येत नाही," मी म्हणालो. "कॉम्प्युटर घेत नाही. आकडा लागतो."

त्यांनी आत खाटेवर पडलेल्या सोमीकडे बोट दाखवलं. "मंग तुमीच आकरा टाका. आत ती बाय निजलीय ना, तिच्याकरून तुमी किती भारा घ्याल?"

कारखान्याच्या एवढ्या वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी एक रुपया लिहिला. तुळशीरामनेही एक रुपया सांगितला. भीमाबाई आठ आण्यांवर उतरायला तयार होती, पण मी तिला एकावर थांबवलं.

कॉम्प्युटरने एक रुपया घेतला. अहवाल गेला. चिंचखारचं केंद्र जिल्ह्यात सगळ्यांत स्वस्त निघालं आणि बंद होणाऱ्या यादीतून त्याचं नाव गळलं. सिस्टरांनी फोन करून मला एवढंच सांगितलं, "राहिलं आपलं केंद्र." त्यांनी 'आपलं' म्हटलं, त्यामुळे मी दोन दिवस घरात फार तोऱ्यात वावरलो. घारपुरे याचं श्रेय टेपला देतात. मी वाद घातला नाही. मी पुन्हा खुर्चीत बसलो आणि वसुंधराच्या भाषेत पसरलो.

महिनाभराने सिस्टरांचा पुन्हा फोन आला. आवाज थकलेला होता. वरून पत्र आलं होतं. चिंचखार केंद्र अत्यंत कमी खर्चात उत्तम चालतं याबद्दल अभिनंदन. एवढ्या कमी खर्चात चालत असल्यामुळे केंद्राला मिळणारा निधी आणि औषधांचा साठा यापुढे निम्मा करण्यात येत आहे. महामार्गापलीकडच्या केंद्रालाही चिंचखारचा आदर्श ठेवायला सांगितलं होतं. "टिपणीस," सिस्टर म्हणाल्या, "सोमीच्या पोरीला पुढच्या आठवड्यात लस द्यायचीय. माझ्याकडे सुया संपत आल्यात."

मी फोन ठेवला. उठलो, शर्ट घातला, पुस्तिका पिशवीत टाकली. वसुंधरा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आश्चर्याने म्हणाली, "आता या उन्हात कुठे निघालात?"

"चिंचखारला," मी म्हणालो. "खर्च वाढवायला."